‘शुक्रतारा’ची साठ वर्षं: एक युगुलगीत, त्याची असंख्य कव्हर्स आणि हरवणारी दोन नावं

लग्नसराई सुरू झाली की शहापूर, मुरबाड, तानसा या पट्ट्यात एकाच मांडवात किती तरी प्रकारची गाणी ऐकू येतात. हळदीला म्हाताऱ्या बायकांचा धवला, त्यानंतर डीजेवर आगरी-कोळी गाणी, वरातीला बेंजो पार्टी. आणि जेवणावळ सुरू झाली, वातावरण जरा शांत झालं की कराओकेचा माईक हातात घेऊन कुणीतरी ‘शुक्रतारा’ सुरू करतं. बऱ्याचदा नवरा-नवरीलाच आग्रह होतो.

मोबाईलवरही तेच. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर ‘शुक्रतारा’ टाकून बघा. बासरीवर, गिटारवर, युकुलेलेवर, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या वाढदिवसाला आजी-आजोबांनी मिळून गायलेलं, अशी असंख्य व्हर्जन्स समोर येतात.

मूळ गायक अरुण दाते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांच्यासोबत गाणारी ती कोण, हे त्याहून कमी जणांना माहीत असतं. पण गाणं लिहिलं कुणी आणि चाल कुणाची, असं विचारलं तर अनेकांची गाडी अडते. व्हिडिओच्या खाली ही दोन नावं क्वचितच दिसतात.

गंमत म्हणजे भारतातल्या कायद्यानुसार गाण्यावर सगळ्यात जास्त काळ हक्क असतो, तो याच दोघांचा. हे सगळं नेमकं काय प्रकरण आहे, बघूया.

गाणं घडलं कसं?

शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. काळ १९६० च्या दशकाची सुरुवात. हे सिनेमातलं गाणं नाही. याला हिरो नाही, हिरोइन नाही, पडद्यावरचा प्रसंग नाही. हे भावगीत आहे.

भावगीत म्हणजे काय? एखादी छोटी कविता, तिच्यातला भाव पोहोचेल अशी चाल आणि मोजकीच वाद्यं. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी, पुढे गजानन वाटवे यांनी हा प्रकार घराघरात नेला. त्याला खरी ताकद मिळाली ती रेडिओमुळे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलक्या दर्जाची आहेत, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. पण मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. आकाशवाणीच्या केंद्रांना स्वतःचं सुगम संगीत तयार करावं लागलं. त्यासाठी कवी लागले, संगीतकार लागले, नवे आवाज लागले. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गाजलेलं ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ याच वातावरणातलं.

‘शुक्रतारा’ची टीमही याच रेडिओच्या दुनियेतली. खळे मुंबई आकाशवाणीशी जोडलेले होते. दाते १९५५ पासून आकाशवाणीवर गात होते. पण मराठी नाही.

इंदूरचा गायक मराठीला का घाबरत होता?

अरुण दाते यांचा जन्म ४ मे १९३४ चा, इंदूरचा. वडील रामूभैया दाते म्हणजे त्या काळातले गाण्याचे मोठे दर्दी. पु. ल. देशपांडे यांनी त्यांच्यावर लिहिलंय. मोठमोठ्या गवयांचं घरी येणं-जाणं. इंदूरपासून जवळच देवासला कुमार गंधर्व राहायचे. त्यांच्याकडून अरुण दातेंना गाण्याचे धडे मिळाले. पुढे के. महावीर यांच्याकडे ते शिकले. पोटापाण्यासाठी त्यांनी कापड उद्योगाचं इंजिनीअरिंग केलं आणि अनेक वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी केली.

ते गायचे उर्दू गझला. खळ्यांनी त्यांचा आवाज ऐकला आणि मराठी भावगीतासाठी हाच आवाज हवा, असं ठरवलं. दाते मात्र तयार होईनात. इंदूरमध्ये वाढल्यामुळे आपले मराठी उच्चार हिंदी वळणाचे आहेत, मराठी माणसं हसतील, अशी त्यांना भीती होती. खळे मागे हटले नाहीत. आणि दातेंनी गायलेलं पहिलं मराठी गाणं ठरलं ‘शुक्रतारा’.

आज ऐकताना लक्षात येतं की ज्याची त्यांना भीती वाटत होती, तीच त्यांची ओळख बनली. गझल गाणारा माणूस शब्द हळुवार उच्चारतो, अक्षरावर जोर देत नाही. मराठी नाट्यसंगीताच्या दमदार, खणखणीत आवाजांची सवय असलेल्या श्रोत्यांना हे शेजारी बसून बोलल्यासारखं गाणं नवं होतं.

आणि सुधा मल्होत्रा?

त्या तर मराठीच नाहीत. पंजाबी कुटुंब, जन्म १९३६ चा, दिल्लीतला. बालपण लाहोर, भोपाळ, फिरोजपूर अशा शहरांत गेलं. ‘आरजू’ (१९५०) या सिनेमात अनिल विश्वास यांच्या संगीतात त्यांनी गायला सुरुवात केली, तेव्हा त्या जेमतेम शाळकरी वयाच्या होत्या. ‘दीदी’ (१९५९) मधल्या ‘तुम मुझे भूल भी जाओ’ या गाण्याला त्यांनी स्वतः चाल दिली आणि मुकेशसोबत ते गायलंही. ‘बरसात की रात’ (१९६०) मधल्या गाजलेल्या कव्वालीतही त्यांचा आवाज आहे.

१९६० मध्ये लग्न झालं आणि त्यांनी सिनेमासाठी गाणं थांबवलं. म्हणजे ‘शुक्रतारा’ गायलं गेलं, तेव्हा हिंदी सिनेमातली त्यांची पहिली कारकीर्द संपलेली होती. नंतर थेट ‘प्रेमरोग’ (१९८२) साठी राज कपूर यांनी त्यांना परत बोलावलं. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता चौघांना शेजारी ठेवून बघा. कवी तळकोकणातल्या वेंगुर्ल्याचे. संगीतकाराचा जन्म बडोद्याचा. गायक इंदूरचा. गायिका दिल्लीची पंजाबी. चौघांपैकी तिघे आजच्या महाराष्ट्राबाहेर जन्मलेले. आणि मराठी माणूस ज्याला ‘आपलं’ प्रेमगीत म्हणतो, ते या चौघांनी मिळून केलं.

पहिली कव्हर्स मूळ गायकानेच गायली

कव्हर व्हर्जन म्हणजे आधी रेकॉर्ड झालेलं गाणं दुसऱ्या कुणीतरी पुन्हा गाणं. त्या अर्थाने ‘शुक्रतारा’च्या अर्ध्या भागाचं कव्हर पहिल्यापासून होत आलंय.

कारण साधं आहे. दातेंचा भावगीतांचा कार्यक्रमच ‘शुक्रतारा’ या नावाने चालायचा. त्याचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले. एवढ्या प्रयोगांना दरवेळी सुधा मल्होत्रा सोबत असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांच्या गायिका दातेंसोबत हे गाणं गात गेल्या. पुरुषाचा आवाज तोच, स्त्रीचा आवाज बदलता. प्रत्येक गायिकेने तिच्या ओळी तिच्या पद्धतीने म्हटल्या. म्हणूनच लोकांच्या डोक्यात हे गाणं ‘अरुण दातेंचं’ म्हणून पक्कं बसलं आणि मूळ गायिकेचं नाव मागे पडलं.

दातेंनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘शतदा प्रेम करावे’. तेही पाडगावकरांच्याच गाण्यातलं. ६ मे २०१८ ला, ८४ व्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, ते गेले. त्यांचे चिरंजीव अतुल दाते यांनी ‘नवा शुक्रतारा’ या नावाने कार्यक्रम पुढे चालू ठेवला. त्यात दातेंच्या ओळी नव्या दमाचे गायक म्हणतात. म्हणजे आता गाण्याचे दोन्ही आवाज बदलले.

कॅसेटच्या काळात काय झालं?

भारतात कव्हर व्हर्जनचा धंदा मोठा झाला तो १९८० च्या दशकात. कॅसेट स्वस्त झाली. त्या वेळच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती. मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं झाली, मालकाला कळवलं आणि ठरलेली रॉयल्टी भरली, तर दुसरी कंपनी तेच गाणं नव्या आवाजात रेकॉर्ड करू शकत होती. टी-सीरिजने या वाटेने जुन्या हिंदी गाण्यांच्या कॅसेट नव्या गायकांकडून गाऊन घेतल्या आणि कमी किमतीत गावोगावच्या टपऱ्यांपर्यंत पोहोचवल्या. अनेकांनी जुनी गाणी पहिल्यांदा ऐकली, ती अशा ‘दुसऱ्या’ आवाजात.

रेकॉर्ड कंपन्यांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. बरेच खटले चालले. शेवटी २०१२ च्या दुरुस्तीत हा नियम बदलला. आजचा नियम कलम ३१ सी मध्ये आहे. त्यानुसार:

• मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं.
• आधी नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते. ती वर्षाला किमान ५० हजार प्रतींवर.
• शब्द किंवा चाल मनाला येईल तशी बदलता येत नाही.
• हे कव्हर आहे, मूळ नाही, हे स्पष्ट लिहावं लागतं.

म्हणजे कव्हर आणि रिमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणं जसंच्या तसं पुन्हा गायलं तर कव्हर. मध्ये रॅप घातला, शब्द बदलले, चाल फिरवली तर त्याला हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते.

युगुलगीताचं कव्हर अवघड का जातं?

‘शुक्रतारा’ ऐकायला सोपं वाटतं. गायला बसलं की जोडीतला एक जण अडखळतो. याचं कारण बहुतेक वेळा सूर चुकणं नसतं, पट्टी चुकणं असतं.

साधारणपणे पुरुष काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास मोकळेपणाने गातात. बायकांची पट्टी काळी चार, काळी पाचकडे असते. एकट्याचं गाणं असेल तर पट्टी आपल्या सोयीची घेता येते. युगुलगीतात दोघांना एकच ‘सा’ धरावा लागतो. पुरुषाच्या सोयीची पट्टी घेतली की बाईचा आवाज खाली जाऊन दबतो. बाईच्या सोयीची घेतली की पुरुषाला वर ओढाताण होते. चांगला संगीतकार हे आधीच ओळखून दोघांच्या ओळी अशा बांधतो की दोघेही आपापल्या जागी खुलतात.

कराओके ट्रॅकवर मात्र पट्टी मूळ गायकांच्या आवाजाप्रमाणे ठरलेली असते. म्हणून गाण्याआधी ॲपमध्ये पट्टी एक-दोन स्वरांनी वर-खाली करून बघा. मांडवातल्या अर्ध्या ‘शुक्रतारां’चं भलं होईल.

जुनं गाणं म्हणजे फुकट गाणं का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

एका गाण्यात कायद्याने किमान तीन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. प्रत्येकाची मुदत वेगळी.

रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या तबकड्यांची मुदत आता एकेक करून संपतेय. त्यामुळे ‘साठ वर्षं झाली, आता वापरा बिनधास्त’ असे सल्ले सोशल मीडियावर फिरतात. ते अर्धवट आहेत.

कारण शब्द आणि चाल यांची मुदत कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असते. खळे २ सप्टेंबर २०११ ला गेले. त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत राहील. पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ ला गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०७५ संपेपर्यंत राहील. आज जन्मलेलं मूल पन्नाशीला पोहोचेल, तेव्हा ‘शुक्रतारा’चे शब्द खऱ्या अर्थाने सगळ्यांचे होतील.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. गीतकार आणि संगीतकारांनी हक्क कंपनीला विकले, तरी रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, असा नियम आला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत याचा जोरदार पाठपुरावा केला होता. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था करते. तिचं नाव इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. ती १९६९ पासून आहे.

मग लग्नात वाजवलं तर पैसे भरायचे?

हा प्रश्न बेंजो पार्टीवाले, डीजेवाले, ऑर्केस्ट्रावाले सगळ्यांनाच पडतो. मांडवात कुणी लायसन्स मागायला आलं की धंदा करणारा घाबरतो. सुपारी आधीच कमी, त्यात हा खर्च कुठून काढायचा?

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडए) सांगतं की धार्मिक समारंभात गाणं सादर करणं किंवा वाजवणं हे हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक कार्यक्रमही त्यात येतात, असं स्पष्टीकरण त्या कलमातच आहे. २४ जुलै २०२३ ला केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं.

यावर कोर्टात वादही झाले. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये असंच एक परिपत्रक काढलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केलं. कायद्यातली सूट यामुळे गेलेली नाही. सरकारने परिपत्रक काढून ती सूट आपल्या शब्दांत वाढवू नये, हा मुद्दा होता. थोडक्यात, घरचं लग्न, हळद, वरात यांना कायद्याचं संरक्षण आहे. तिकीट लावून केलेला गाण्यांचा कार्यक्रम किंवा हॉटेलमधली पार्टी ही वेगळी गोष्ट.

रील टाकली आणि ‘क्लेम’ आला तर?

लग्नातली सूट मांडवापुरती. तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की दुसरे नियम लागतात.

यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून बघते. बऱ्याचदा ती गायलेली चालही ओळखते. जुळलं की ‘क्लेम’ येतो. क्लेम म्हणजे शिक्षा नाही. बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात. ‘स्ट्राइक’ मात्र गंभीर. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. मूळ रेकॉर्डिंग उचलून मागे लावणं जास्त धोक्याचं, स्वतः गाणं त्या मानाने कमी.

आणि कॅप्शनमध्ये ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड’ लिहिण्याने कायद्याच्या दृष्टीने काहीही फरक पडत नाही. त्या जागी दोन नावं लिहिलीत तर निदान त्याला अर्थ आहे.

नावं लिहायची कशाला?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये पैशांशी संबंध नसलेला एक हक्क आहे. हे मी केलंय, असं सांगण्याचा हक्क. कलाकृतीचे सगळे हक्क विकून टाकले तरी हा हक्क निर्मात्याकडेच राहतो. त्याच्या पश्चात त्याचे वारसही तो मागू शकतात.

तानसा-शहापूरच्या मांडवात हळदीला जो धवला गायला जातो, तो कुणी रचला हे कुणालाच माहीत नाही. पिढ्यानपिढ्या बायका तो एकमेकींकडून शिकत आल्या. त्यात नाव लिहिण्याची सोयच नव्हती. ‘शुक्रतारा’चं तसं नाही. ते कुणी लिहिलं आणि कुणी बांधलं, याची पक्की नोंद आहे. तरीही कव्हरमागून कव्हर येतंय आणि तेही हळूहळू निनावी होतंय. गायकाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर असतो, त्यामुळे तो लक्षात राहतो. कवी आणि संगीतकाराला कॅमेऱ्यात जागा नसते. त्यांची जागा फक्त कॅप्शनमध्ये.

याचा तोटा नव्या लोकांनाही होतो. आज शहापूर-मुरबाडमध्येही मुलं स्वतः गाणी लिहितात, चाल लावतात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात. त्यातलं एखादं व्हायरल होतं, हजारो जण त्यावर रील करतात आणि मूळ कुणाचं, हे आठवडाभरात कुणालाच सांगता येत नाही. पाडगावकर आणि खळे यांच्या बाबतीत जी सवय लागते, तीच यांच्या बाबतीत चालू राहते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘शुक्रतारा’ गाऊन पोस्ट केलंत तर खाली एवढं लिहा: गीत मंगेश पाडगावकर, संगीत श्रीनिवास खळे, मूळ गायक अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. मग हवं तर स्वतःचं नाव.